आमच्या शाळेचा गाळाचा खडक

दिपोटी येणार असा कागद आला की आमच्या हेडमास्तरांचं पोट बिघडायचं, आणि त्यांचं पोट बिघडलं की सगळ्या शाळेचं डोकं फिरायचं. दिपोटी म्हणजे शाळा तपासणारा सरकारी साहेब. एकोणीसशे तिसानंतरच्या त्या वर्षांत मी नाशकात एका मराठी शाळेत मास्तर होतो. होतो म्हणजे हजेरीपटावर होतो, पण नावापुढे 'हंगामी' असं लिहिलेलं. आंबे हंगामी असतात, ते समजू शकतो. माणूस हंगामी म्हणजे काय, ते ज्याने भोगलं त्यालाच ठाऊक. दोन वर्षं तशीच गेली होती. या तपासणीत चांगला शेरा पडला तर मी कायम होणार होतो. नाही पडला तर देवळ्याकडे भावाच्या शेतावर जाऊन कांद्याची रोपं लावायची होती. भाऊ दर पत्रात विचारायचा, "कवा येतोस?" जणू माझं घोडं पेंड खाणार हे त्याला आधीच कळलेलं.

त्या काळी शाळाखात्याच्या डोक्यात वस्तुपाठाचं खूळ शिरलेलं होतं. कापूस शिकवायचा तर आधी टेबलावर कापूस ठेवायचा आणि मग तोंड उघडायचं. कल्पना चांगलीच होती, मी नाही म्हणत नाही. पण हेडमास्तरांनी तिचा कायदा करून टाकला. वस्तू नाही तर पाठ नाही! उंटाच्या पाठासाठी त्यांनी एका उंटवाल्याकडून शेपटीचे चार केस मिळवले आणि पोरांना गंभीरपणे सांगितलं, "हा उंट." समुद्राच्या पाठाला परातभर पाण्यात मीठ कालवलं. बर्फाच्या पाठाला तुरटीचा खडा ठेवला, आणि एका पोराने तो चाटून पाहिला तर त्यालाच छडी मारली.

तर त्या वर्षी तपासणीच्या आधी दोन महिने पाठांची यादी आली. हेडमास्तरांनी 'कापूस' स्वतःकडे ठेवला. सगळ्यात जुन्या मास्तरांना 'दूध' मिळालं. मी हंगामी, तेव्हा माझ्या वाट्याला जे उरलं ते आलं. 'गाळाचा खडक कसा बनतो.' पुस्तकात दीड पान मजकूर होता. नदी गाळ आणते, तो तळाशी बसतो, थरावर थर चढतात, वरच्या भाराने खालचे दाबले जातात, पाण्यात विरघळलेला चुना कणाकणांच्या मधे शिरून त्यांना चिकटवतो आणि असंख्य वर्षांनी त्याचा दगड होतो. वाचून मी खूश झालो. म्हटलं, यात काय आहे, नाशकात दगडाला काय तोटा?

आणि इथेच मी माती खाल्ली. आमच्याकडचे डोंगर तुम्ही पाहिले असतील. पांडवलेण्याचा घ्या, रामशेज घ्या. आडवे पट्टे एकावर एक, थालीपिठांची चळत रचून ठेवावी तसे. कोणीही शहाणा माणूस म्हणेल, हेच ते थर. मी तर शहाण्यांचा शिरोमणी. चौथीची चाळीस पोरं घेऊन मी पायी पांडवलेण्याला गेलो, लेण्यांच्या पायऱ्यांवर उभा राहिलो आणि हात उंच करून सांगितलं, "मुलांनो, हा एवढा थोरला डोंगर एके काळी चिखल होता!" पोरांनी आ वासला. माझाही ऊर भरून आला. येताना तिथला एक काळा दगड दोन दांडगटांच्या डोक्यावर देऊन शाळेत आणला आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर मांडून रंगीत तालीम सुरू केली.

त्या दिवसांत तपासणीसाठी म्हणून शाळेच्या ओसरीचा गिलावा चालला होता. काम करणारा गवंडी जुन्या गावातला मुसलमान कारागीर, साठीला टेकलेला, दाढी चुन्याने पांढरी की वयाने ते कळायचं नाही. सगळी शाळा त्याला चाचा म्हणायची. ओसरीवर थापी मारता मारता तो आतले सगळे पाठ ऐकायचा. पावकी-निमकी त्याला माझ्या पोरांपेक्षा बरी यायला लागली होती. तास संपल्यावर तो दाराशी आला.

"मास्तर, एक विचारू का? गुस्सा नाय ना करणार?"

"विचारा."

त्याने थापीची मूठ दगडावर मारली. टण्ण वाजलं. "हा गाळाचा नाय. चाळीस वर्षं आपण हाच दगड फोडला. कधी आत वाळूचा कण नाय सापडला, शिंपला नाय सापडला. गाळाचा असता तर पाण्यातलं कायतरी नको का आत? आन् ही भोकं पाहा. लोहाराच्या भट्टीत लोखंडाची मळी उकळते ना, तिला अशी भोकं पडतात. हा पाण्यातला नाय, आगीतला हाय."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. थापी धरणारा मला भूगोल शिकवणार! तणतणत वाचनालयात गेलो, एक जाडजूड पुस्तक काढलं, आणि तिथे स्वच्छ लिहिलेलं. आमच्या मुलखातला काळा दगड म्हणजे जमिनीतून उफाळून आलेला तप्त रस, तो एकावर एक पसरत थिजत गेला, म्हणून ते पट्टे. माझं तोंड एवढंसं झालं. ती चाळीस पोरं आज कुठे असतील तिथे सुखी असोत, पण त्यांच्या डोक्यात पांडवलेणं अजून चिखलाचंच आहे.

मी हेडमास्तरांकडे गेलो. म्हटलं, "साहेब, नाशकात गाळाचा खडक नाही."

"नाही कसा? यादीत आहे."

"यादीत आहे, पण जमिनीत नाही."

तपकिरीची चिमूट नाकाशी नेता नेता ते थांबले. "मास्तर, सरकारने यादीत घातलाय म्हणजे असणारच. तुम्हाला सापडत नसेल तर तसं सांगा. कांदे लावायला माणसं लागतातच."

मी ओसरीवर येऊन डोक्याला हात लावून बसलो. चाचाने सगळं ऐकलेलंच होतं. त्याने थापी बादलीत बुडवली आणि म्हणाला, "एवढं काय तोंड पाडून बसलात? करून देऊ की."

"काय करून देणार?"

"खडक. पाणी जे करतं तेच करायचं. फक्त जरा घाईनं."

शाळेच्या मागे विहिरीजवळ आमचा कारखाना सुरू झाला. चाचाने एक देवदारी खोकं आणलं. मी शाळा सुटल्यावर गंगेवर जाऊन गाळ आणायचा. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो, तिचा गाळ काळा, लोण्यासारखा मऊ. चाचा तो चाळायचा, बैलघाणीत मळलेला चुना त्यात मिसळायचा, हिरड्याचं आणि गुळाचं पाणी शिंपडायचा. एक थर बारीक गाळाचा, एक वाळूचा, मधे दोन-चार शिंपले. प्रत्येक थर लाकडी चोपण्याने चोपायचा, ओलं गोणपाट टाकायचं आणि दोन दिवस हात लावायचा नाही. मी उतावीळ. मी म्हणायचो, "चाचा, आज टाका ना पुढचा थर." तो म्हणायचा, "नाय. खालचा बसल्याबिगर वरचा बसत नाय. तुम्ही पोरांना असंच शिकवता का, कालचं पाठ झालं नाय तर आजचं वरून ओतायचं?" मी तसंच शिकवत होतो. एका थरात त्याने पिंपळाचं पान दाबून ठेवलं. नक्षी म्हणून, बाकी काही नाही. कारागिराला राहवत नाही. वर एक पाटा ठेवून दिला भाराला.

महिन्या-सव्वा महिन्याने खोकं फोडलं. आत काय निघालं म्हणता! पट्ट्यापट्ट्यांचा, करडा, कडक. एका थराची कड उचकटली तर पिंपळपानाचा ठसा, एकेक शीर मोजून घ्यावी असा. चाचाने त्यावरून हात फिरवला आणि नुसता "हं" म्हणाला. स्वतःच्या कामाबद्दल त्या माणसाच्या तोंडून एवढंही क्वचित निघायचं. मला एवढा आनंद झाला की मी त्याचे चुन्याचे हात हातात घेतले. मग एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'गाळाच्या खडकाचा तयार केलेला नमुना', आणि तो कागद खळीने दगडाला चिकटवला. हे मी मुद्दाम सांगतोय. तोवर मी प्रामाणिक होतो.

तपासणीच्या सकाळी येऊन पाहतो तर कागद बदललेला! हेडमास्तरांच्या वळणदार अक्षरात, 'गाळाचा खडक. सापडला : आनंदवल्लीच्या वरच्या अंगास, गंगाकाठी.' मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "काळी टोपी घाला आधी," एवढंच म्हणाले. गावात सत्याग्रहींच्या पांढऱ्या टोप्यांवरून साहेबलोक पिसाळलेले असायचे. मी टोपी बदलली. कागद मात्र नाही बदलला.

दिपोटीसाहेब आले. पोट पुढे, त्यावर घड्याळाची साखळी, मागे शिपाई. कापसाच्या पाठाला त्यांना जांभई आली, दुधाच्या पाठाला दोन आल्या. माझ्या वर्गात शिरले तर नजर थेट टेबलावर. मी पाठ सुरू केला, पण ऐकतो कोण? साहेब दगडावर वाकले, चष्मा पुसून पुन्हा वाकले. "लिंबू आणा," म्हणाले. शिपाई पळाला. लिंबू पिळलं तसा दगड फसफसला. फसफसणारच, चुनाच तो! साहेबांचा चेहरा उजळला. "चुनखडीयुक्त जलजन्य खडक," ते म्हणाले, आणि पिंपळपानावर बोट ठेवून पोरांकडे वळले, "मुलांनो, या पानाचं झाड उभं होतं तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता!"

पोरांनी पुन्हा आ वासला. त्या पानाचं झाड आमच्या विहिरीवर तेव्हाही उभं होतं, खिडकीतून दिसत होतं.

तेवढ्यात दाराशी चाचा आला. ओसरीचं शेवटचं कोपऱ्याचं काम चालू होतं त्याचं. हात धोतराला पुसत, तोंड भरून हसत तो म्हणाला, "साहेब, तो आपल्या हातचा हाय. खरा तर..."

"ए, गप!" हेडमास्तर ओरडले. "गवंडी आहे साहेब, त्याला काय कळतंय."

साहेबांनी भुवई वर केली. त्यांनी हेडमास्तरांना नाही विचारलं, मला विचारलं. "काय म्हणतोय हा, मास्तर?"

चाचा माझ्याकडे बघत होता, मजेत, मी आता सांगीनच अशा खात्रीने. माझ्या डोळ्यांपुढे काय आलं? भावाचं पत्र आलं. कांद्याची रोपं आली. माझी पाचावर धारण बसली आणि मी म्हणालो, "काही नाही साहेब. त्याला गंमत करायची सवय आहे."

चाचाचं हसू एक क्षण तसंच राहिलं. मग तो पुन्हा हसला, जरा मोठ्याने, मान हलवली आणि ओसरीवर जाऊन थापी मारायला लागला. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, 'वस्तुपाठ अत्यंत स्तुत्य.' महिन्याभरात माझ्या नावापुढचं 'हंगामी' गेलं. हेडमास्तरांनी पेढे वाटले, तेही माझ्या नावाने.

चाचाचं काम संपलं त्या दिवशी त्याने मला हाक मारली. मी टाळतच होतो त्याला, ओसरीवरून जायला नको म्हणून मागच्या दाराने जात होतो. तो म्हणाला, "रविवारी चला माझ्यासंगं. गंगेवर." नाही म्हणायला तोंड नव्हतं. आनंदवल्लीच्या पुढे, गंगापूरच्या वाटेने बरंच वर गेलो. एके ठिकाणी काठाची दरड कापलेली होती. चाचाने आपली काठी टेकवली.

"ही पाहा."

दरडीच्या पोटात एक हातभर जाडीचा पट्टा होता. नदीचे गोल गोटे, वाळू, मधे पांढरा चुना, सगळं एकजीव घट्ट. मी दगड मारून पाहिला, हाताला झिणझिण्या आल्या पण कपचा निघेना. कोणी कालवलं नव्हतं, कोणी चोपलं नव्हतं. पुस्तकातलं दीड पान समोर उभं होतं, शब्द न् शब्द.

"आपण इथं चुनखडी वेचायला येतो, भट्टीसाठी," चाचा म्हणाला. "लहानपणापास्नं येतो. पण हे काय हाय ते कधी मनात नाय आलं. तुमचा पाठ रोज ऐकून ऐकून तपासणीच्या आदल्या रोजी डोक्यात शिरलं, अरे, मास्तर म्हणतात तो हाच की! खरा हाय आपल्याकडं. तेच साहेबाला सांगायला उठलो होतो."

मी खाली बसलो. लाज वाटली, फार वाटली. त्या खोलीतल्या एवढ्या माणसांत माझा पाठ खरोखर एकाच माणसाला समजला होता, आणि त्यालाच मी विदूषक ठरवलं होतं. मी म्हणालो, "चाचा, चुकलो." त्याने ऐकलं न ऐकलंसं केलं. छिन्नीने एक तुकडा काढला, नारळाएवढा, आणि माझ्या हातात दिला. "घ्या. दाखवा कधी जमलं तर."

जमलं कधी? दोन वर्षं तो तुकडा माझ्या ट्रंकेत धोतरांखाली होता. इकडे आमचा पिंपळपानाचा खडक नावारूपाला आला. दिपोटीसाहेबांनी हुकूम काढला, आसपासच्या सगळ्या शाळांनी येऊन पाहावा. रविवारच्या रविवार मास्तरांचे जथे आनंदवल्लीच्या वर काठ उकरायला लागले. आणि काय सांगू, त्यांना सापडलाही! कोणा जुन्या पडक्या घाटाचा गिलावा असेल, नाहीतर विहिरीचा. पण प्रत्येक शाळेच्या कपाटात गाळाचा खडक आला. हेडमास्तर व्याख्यानं द्यायला लागले. सुरुवातीला म्हणायचे, "आमच्या शाळेला सापडला." मग म्हणायला लागले, "मला सापडला." शेवटी शेवटी कुठल्या झाडाखाली, कुठल्या तिथीला ते सांगायला लागले, आणि मला वाटतं तोवर त्यांना स्वतःलाही ते खरं वाटत होतं.

मग दिपोटी बदलले. नवे साहेब तरुण, चुणचुणीत, कॉलेजात शास्त्र शिकलेले अशी ख्याती. मी ठरवलं, आता सांगायचं. फार शूर झालो होतो असं समजू नका. मी कायम झालो होतो, आता काढणार कोण? कायम झालेल्या माणसाला धीर यायला वेळ लागत नाही. आदल्या दिवशी मी चाचाच्या घरी गेलो. म्हटलं, "उद्या या शाळेत. सगळ्यांदेखत सांगतो, पहिला तुमच्या हातचा आणि खरा तुम्हीच दाखवलात. तुम्हाला खोटं पाडलं ते मला पुसून काढायचंय."

तो विडी ओढत बसला होता. "आपण नाय येणार, मास्तर. एकदा आलो होतो."

दुसऱ्या दिवशी मी एकटाच उभा राहिलो. टेबलावर दोन दगड ठेवले. नवे साहेब, हेडमास्तर, सगळे मास्तर, समोर पोरं. मी म्हणालो, "साहेब, हा पानाचा दगड खरा नाही. शाळेच्या मागे एका गवंड्याने चुन्या-गाळाचा करून दिलाय, माझ्या देखत. मी त्या वेळी खोटं बोललो. आणि हा दुसरा गंगापूरच्या वाटेवरचा. हा खरा. तोही त्याच गवंड्याने दाखवला."

माझी छाती हलकी झाली होती. साहेबांनी लिंबू मागवलं. दोन्ही दगडांवर पिळलं. दोन्ही फसफसले. त्यांनी पानाच्या दगडावरून बोट फिरवलं, "सुंदर," म्हणाले. मग माझा तुकडा उचलला, गोटे पाहिले, मधला चुना नखाने खरवडला आणि खाली ठेवला.

"हे तर गवंडीकाम आहे, मास्तर. खडी आणि चुना. कुठल्यातरी पडक्या घाटाचं असणार."

मी काही बोलणार तोच हेडमास्तर पुढे झाले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "मनावर घेऊ नका साहेब. आमच्या मास्तरांना गंमत करायची सवय आहे."

साहेब हसले. मास्तर हसले. पोरांना कशाला हसायचं ते कळलं नाही, पण तीही हसली. शिपायाने माझा तुकडा उचलून खिडकीबाहेर टाकला आणि पानाचा दगड कपाटात ठेवून कुलूप लावलं.

संध्याकाळी मी चाचाकडे गेलो. तो ओट्यावर बसून थापीची दांडी तासत होता. मी त्याला सगळं सांगितलं, लिंबापासून खिडकीपर्यंत.

"मग?" शेवटी त्याने विचारलं. "हेडमास्तर तसं बोलले तवा तुम्ही काय केलं?"

"काय करणार? सगळे हसत होते," मी म्हणालो. "मीही हसलो."

चाचाने दांडी फुंकून साफ केली, उजेडात धरून पाहिली.

"मी पण हसलोच होतो, मास्तर."